फुलपाखरांचा संग्रह आणि ओळख: जाळ्यापासून पेटीपर्यंत

पंख देखणे पसरलेले आहेत, रंग ताजे आहेत, पण फुलपाखरू कुठे आणि कधी सापडले याची चिठ्ठी टाचणीवर नाही. असा नमुना भिंतीवर टांगायला बरा, अभ्यासाला शून्य. याउलट एक पंख फाटलेला, मिशी तुटलेला नमुना नेमके ठिकाण आणि तारीख यांच्यासह असेल, तर शंभर वर्षांनीही त्यावरून त्या जातीचा प्रसार आणि उडण्याचा हंगाम ताडता येतो. म्हणून या छंदात हात जाळ्याआधी पेन्सिलीकडे जायला हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

काय ठेवायचे, काय सोडायचे

संग्रह तीन प्रकारे होतो: फोटोंचा, पकडून पाहून सोडलेल्या फुलपाखरांच्या नोंदींचा आणि टाचलेल्या नमुन्यांचा. मोठी, ठळक नक्षीची फुलपाखरे फोटोवरून ओळखता येतात. त्यांना मारण्यात काही अर्थ नाही. नमुना खरोखर लागतो तो छोट्या निळ्या फुलपाखरांसाठी, स्किपर नावाच्या जाडजूड अंगाच्या तपकिरी फुलपाखरांसाठी आणि ज्यांच्यातला फरक जननेंद्रियांवरूनच कळतो अशा जोडगोळ्यांसाठी.

जाळे उचलण्याआधी तिथला कायदा वाचा. संरक्षित क्षेत्रात लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही आणि संरक्षित जातींच्या याद्या देशागणिक वेगळ्या असतात. मृत सापडलेले फुलपाखरूही संरक्षित जातीचे असेल, तर जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकतो. सीमेपलीकडे नमुने नेताना सायटिस, म्हणजे धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. जगातले सर्वांत मोठे फुलपाखरू ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्री त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार बंद. त्याच्याच गटातली इतर मोठी बर्डविंग फुलपाखरे आणि अपोलो हे डोंगराळ भागातले फुलपाखरू दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कागदपत्रांशिवाय हलवता येत नाहीत.

किती घ्यावे? एका ठिकाणाहून एका जातीचा एक नर आणि एक मादी. ऋतूनुसार रूप बदलत असेल तर त्या रूपाची आणखी एक जोडी. यापेक्षा जास्त घेण्याचे कारण स्वतःला नीट सांगता येत नसेल तर घेऊ नये.

सुरुवात मेलेल्या फुलपाखरांपासून करावी हे उत्तम. खिडकीच्या कडेला, दिव्याखाली, कोळ्याच्या जाळ्यात, गाड्यांच्या पुढच्या जाळीत ती मिळतात. पंख पसरण्याचा हात त्यांच्यावरच बसवावा, कारण पहिले काही नमुने बिघडणारच.

जाळे कसे असावे

कड्याचा व्यास ३५ ते ४० सें.मी. ठेवा. पिशवीची खोली व्यासाच्या किमान दुप्पट, म्हणजे ८० ते ९० सें.मी. हवी. कापडात काटकसर करून पिशवी उथळ शिवली तर ती कड्यावरून उलटी पडत नाही आणि आत आलेले फुलपाखरू सरळ बाहेर निघून जाते. ३८ सें.मी. व्यासाच्या कड्याला सुमारे १२० सें.मी. घेर लागतो, शिवणीसाठी दोन-तीन सें.मी. वेगळे धरा. तळ गोल शिवा. टोकदार तळात फुलपाखरू अडकते आणि फडफडून पंख झिजवते.

कापड मऊ नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, आरपार दिसणारे असावे. खरखरीत मच्छरदाणी पंखांवरचे खवले अक्षरशः खरवडून काढते. कड्याभोवती जाड सुती कापडाचा पाच-सहा सें.मी. रुंद नेफा लावा, कारण काट्याकुट्यांत आधी तोच भाग फाटतो. कड्याला ४ मि.मी. जाडीची स्टीलची तार आणि सुमारे एक मीटरचा हलका दांडा पुरतो. लांब दांडा झाडावरच्यांसाठी उपयोगी, पण त्याने फटका मंदावतो.

पकडण्याची रीत

उडत्या फुलपाखरावर समोरून जाळे टाकू नका. मागून आणि किंचित बाजूने एकच वेगवान फटका मारा आणि त्याच ओघात मनगट फिरवून दांडा अर्धा वळसा वळवा, म्हणजे पिशवी कड्यावर दुमडून तोंड बंद होते. जमिनीवर बसलेल्यावर जाळे वरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने पिशवीचे टोक वर धरा. फुलपाखरू उजेडाकडे वर चढते, मग खालून पिशवी आवळा. फुलावर बसलेल्याला वरून दाबू नये, झाड मोडते आणि फुलपाखरूही. तिथे खालून वर असा फटका हवा. पहिला नेम चुकला तर पाठलाग करू नका. फुलांवरची आणि टेहळणीला बसलेली बरीच फुलपाखरे दोन-चार मिनिटांत त्याच जागी परततात.

कुठे उभे राहायचे हेही महत्त्वाचे. सकाळी कोवळ्या उन्हात पंख पसरून अंग तापवणारी फुलपाखरे सावध असली तरी संथ असतात. ओल्या मातीवर क्षार शोषायला जमणाऱ्या घोळक्यात जवळजवळ सगळे नर असतात. टेकडीच्या माथ्यावर घिरट्या घालणारेही बहुधा नरच. मादी हवी असेल तर अळीच्या खाद्य वनस्पतीजवळ थांबावे. पाने पायांनी चाचपत संथ उडणारी ती मादी.

फुलांकडे न फिरकणाऱ्या जातींसाठी आमिषाचा सापळा लावतात. जास्त पिकलेली केळी कुस्करून त्यात थोडी साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबू द्या. नेटची नळकांड्यासारखी पिशवी, वरून बंद, झाडाला टांगा आणि तिच्या खाली तीन-चार सें.मी. फट सोडून बशी लटकवा. खाऊन झाल्यावर फुलपाखरू सरळ वर उडते आणि पिशवीत जाते. फट जास्त ठेवली तर ते आले तसे बाजूने निसटते. सापळा रोज तपासा; मुंग्या आणि सरडे तुमच्याआधी पोचतात.

मारणे आणि पुडीत घालणे

सोडायचे असेल तर झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, डबी थोडा वेळ सावलीत ठेवा आणि त्याच जागी सोडा. ठेवायचेच असेल तर लवकर आणि स्वच्छ मारणे गरजेचे, कारण फडफडीत खवले झडतात.

मध्यम आकाराच्या फुलपाखरांसाठी वक्षाला चिमटा हा जुना उपाय. जाळ्याच्या कापडातूनच चारही पंख पाठीवर मिटवा आणि पंखांच्या बुडाखाली, वक्षाच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी यांनी काही सेकंद घट्ट दाबा. पोट दाबू नका. आतला द्रव बाहेर येऊन पंख खराब होतात आणि ओळखीला लागणारी जननेंद्रियेही चेपतात. छोटी फुलपाखरे चिमट्याने चपटी होतात आणि मोठ्यांना तो पुरत नाही. त्यांना पुडीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे.

बरणीची पद्धत वापरायची तर रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाला दोन सें.मी. प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून पूर्ण वाळू द्या आणि त्यात इथाइल ॲसिटेट मुरवा. वर साचलेला द्रव ओतून टाका आणि टिश्यू पेपरचा थर द्या. फुलपाखरू किमान अर्धा तास आत राहू द्या. लवकर काढलेले पुडीत पुन्हा हलू लागते. हा द्रव झटकन पेट घेतो आणि थर्माकोल व काही प्लास्टिके विरघळवतो. हवेशीर जागीच हाताळावा. सायनाइडच्या बरण्यांच्या वाटेला छंद म्हणून कोणी जाऊ नये.

पुडी ग्लासीनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा बटर पेपरची. १५ × १० सें.मी.चा तुकडा आडवा ठेवा. डावी-उजवीकडे अडीच-अडीच सें.मी. सोडून मधला १० × १० सें.मी.चा चौरस मनात धरा आणि त्याच्या कर्णावर घडी घाला. त्रिकोण तयार होतो आणि उरलेल्या दोन पट्ट्या त्याच्या दोन बाजूंवर दुमडून बसतात. फुलपाखरू पंख मिटलेले, मिशा पंखांच्या कडेला पाठीमागे घेतलेल्या, असे ठेवा.

पुडीवर पेन्सिलीने लिहायचे ते फुलपाखरू आत घालण्याआधी. नंतर लिहिले तर टोकाचा दाब पंखावर उमटतो. तारीख, वेळ, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर बसले होते आणि नोंदवहीतला क्रमांक एवढे त्याच जागी लिहा. पाच पुड्या झाल्या की पहिली कुठली होती हे कोणालाच आठवत नाही.

मऊ करणे

मेल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात आणि पुढे नमुना वाळून कडक होतो. वाळलेल्याचे पंख उघडायला गेलात तर ते बुडापासून तुटतात. म्हणून आधी ओलाव्याने मऊ करायचे.

घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी ओला, पण पाणी न सुटणारा टिश्यू किंवा स्पंज ठेवा. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन-चार खडे किंवा लवंग तेलाचे काही थेंब टाका. त्यावर जाळी आणि जाळीवर पुडीतून काढलेला नमुना. नमुन्याला पाणी लागता कामा नये. झाकणाच्या आतून थेंब टपकू नयेत म्हणून वर टिपकागद लावा. पंखावर पडलेल्या थेंबाचा डाग जात नाही. छोट्या फुलपाखराला एक दिवस, मध्यमाला दोन, जाड वक्षाच्याला तीन दिवस लागतात. चिमट्याने वक्ष बाजूंनी हलके दाबल्यावर पंख स्वतःहून उघडू लागले की झाले. घाई केली तर पंख पुन्हा मिटत राहतात. चार-पाच दिवसांपुढे गेलात तर थायमॉल असूनही बुरशी येते आणि पोट गळून पडते. एवढे करूनही मोठ्या फुलपाखराचा वक्ष सुटला नाही, तर बारीक सुईने त्यात खालून गरम पाण्याचा एखादा थेंब टोचतात.

टाचणे आणि पंख पसरणे

कीटकांच्या टाचण्या वेगळ्या येतात: सुमारे ३८ मि.मी. लांब, ०००पासून ७पर्यंत क्रमांकाच्या. बहुतेक फुलपाखरांना २ किंवा ३ क्रमांक, छोट्या निळ्यांना ० किंवा १. शिंप्याच्या टाचण्या आखूड, जाड आणि गंजणाऱ्या. पितळी टाचणीचा शरीरातल्या चरबीशी संयोग होऊन हिरवट पुंजका वाढतो आणि तो आतून नमुना फोडतो. स्टेनलेस स्टीलवर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवा.

पंख पसरायच्या फळीला मध्ये अंगाएवढी खाच हवी: छोट्यांना ४ ते ५, मध्यमांना ८ ते १०, मोठ्यांना १५ मि.मी. दोन्ही बाजूंच्या फळ्या मऊ लाकडाच्या किंवा दाट फोमच्या आणि बाहेरच्या दिशेने पाच ते दहा अंश चढत्या असाव्यात. फळीवरून काढल्यावर पंख कालांतराने थोडे खाली झुकतात, त्याची ही आधीच केलेली भरपाई.

१. टाचणी वक्षाच्या बरोबर मधून, पुढच्या पंखांच्या बुडांच्या मध्ये, चारही दिशांनी काटकोनात घाला. वर साधारण पाव टाचणी उरू द्या. कमी उरली तर धरताना बोट पंखाला लागते, जास्त उरली तर खाली लेबलांना जागा राहत नाही. टाचणी तिरकी गेली तर पुढे कितीही सरळ केले तरी दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. ती काढून पुन्हा घालणेच बरे.

२. टाचणी खाचेत रोवा, पंखांची बुडे फळीच्या पृष्ठभागाशी समतल येईपर्यंत. ही पातळी चुकली की पंख वर किंवा खाली मोडतात. नवशिक्यांचे सर्वांत जास्त नमुने इथेच जातात.

३. दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या पंखांवर टाकून वरच्या टोकाला पक्क्या करा, खालून मोकळ्या ठेवा. चिकटपट्टी कधीही नको, ती खवले उचलते.

४. बारीक टाचणीचे टोक पुढच्या पंखाच्या समोरच्या कडेजवळच्या जाड शिरेमागे टेकवा आणि पंख वर ओढा. शिरेत टोचायचे नाही, तिच्यामागे अडकवून सरकवायचे. शिरांच्या मधल्या पातळ भागात टोक घुसले तर पंख चिरतो. पुढच्या पंखाची मागची कड अंगाशी काटकोनात आली की थांबा. डावा-उजवा थोडा-थोडा, आलटून-पालटून सरकवा. एक पूर्ण करून दुसरा घेतला तर वक्ष फिरतो.

५. मग मागचे पंख वर आणा, दोन्ही पंखांमध्ये लहानशी खाचच राहील इतके. मागच्या पंखाची वरची कड पुढच्या पंखाखालीच असली पाहिजे.

६. पट्टी ताणून पंखांच्या कडेबाहेर टाचण्या लावा. पंखातून टाचणी नको. पट्टीने पंखांची टोकेही झाकली पाहिजेत, नाहीतर वाळताना ती वर वळतात.

७. मिशा पुढच्या पंखाच्या कडेला समांतर, इंग्रजी व्ही आकारात टाचण्यांच्या आधाराने ठेवा. पोट खाली लोंबत असेल तर खालून दोन टाचण्यांची फुली द्या.

वाळायला छोट्यांना आठवडा, मोठ्यांना दोन ते तीन आठवडे. दमट हवेत त्याहून जास्त. टाचणीच्या टोकाने पोटाला अलगद स्पर्श करा. पोट स्वतंत्र हलले तर अजून ओले आहे. पूर्ण अंग एकसंध हलले तरच काढा. या काळात फळी उजेडापासून दूर ठेवा आणि मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. नोंदीची पुडी त्या फुलपाखराशेजारीच फळीला टाचून ठेवा.

लेबल

लेबल आम्लमुक्त जाड कागदाचे, सुमारे १५ × ८ मि.मी., अक्षर चार-पाच पॉइंटचे. लेझर छपाई किंवा रंगद्रव्याची काळी शाई वापरा. बॉलपेनची शाई पसरते आणि पिवळी पडते. पहिल्या लेबलवर देश, प्रांत, जिल्हा, ठिकाण, दशांश स्वरूपातले अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. महिना रोमन आकड्यात छापण्याचा जुना रिवाज शहाणपणाचा आहे: ५/७ म्हणजे जुलै की मे हा वाद उरत नाही. ठिकाणाचे नाव नुसते गावाचे नको. त्याच नावाची गावे अनेक असतात, म्हणून अंतर आणि दिशा लिहा.

दुसऱ्या लेबलवर अधिवास आणि वनस्पती. तिसऱ्यावर शास्त्रीय नाव, नर की मादी, ओळख कोणी केली आणि कोणत्या वर्षी. पुढे ओळख बदलली तर नवे लेबल खाली जोडा. जुने फेकू नका, चुकीचे असले तरी. खात्री नसेल तर नुसती प्रजाती (जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) लिहा आणि जातीची जागा कोरी सोडा. चुकीच्या नावापेक्षा ती बरी.

ओळख: कुळापासून खाली

नवशिका सरळ चित्रांची पाने चाळतो आणि रंग जुळला की नाव देतो. रंग हा ओळखीचा सर्वांत बेभरवशाचा पुरावा. आधी कूळ ठरवावे, मग त्यातच शोधावे. शेकडो चित्रांची निवड वीस-तीसांवर येते. छायाचित्रावरून नाव सुचवणारी ॲप्सही रंगावरच झुकतात, त्यामुळे त्यांचे उत्तर सुरुवात म्हणून घ्यावे, निकाल म्हणून नाही.

फुलपाखरांच्या जगभर १८,०००हून अधिक जाती आहेत आणि त्या सात कुळांत बसतात. पतंगांपासून फरक करायला मिशांचे गाठदार टोक बघतात. त्याला अपवाद आहेत: कॅस्टनिडी कुळातल्या पतंगांच्या मिशा गाठदार असतात, तर हेडिलिडी ही अमेरिका खंडातली निशाचर मंडळी फुलपाखरे असूनही त्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या.

उरलेल्या सहा कुळांसाठी पाय मोजा. चारच पाय दिसले, पुढची जोडी आखडून ब्रशसारखी छातीशी चिकटलेली असली, तर निम्फॅलिडी, सर्वांत मोठे कूळ. सहाही पाय पूर्ण, मागच्या पंखाची आतली कड आत वळलेली, बहुधा शेपटी असलेले मोठे फुलपाखरू असेल तर पॅपिलिओनिडी. शेपटी मात्र सगळ्यांना नसते आणि असली तर तुटते. सहा पाय, पांढरा किंवा पिवळा रंग आणि प्रत्येक नखी दोन भागांत चिरलेली असली तर पायेरिडी. छोटे, मिशांवर पांढरे पट्टे, मिशीच्या बुडाशी डोळ्याला खाच असेल तर लायसेनिडी. तसेच छोटे, पण नराचे पुढचे पाय आखूड आणि मादीचे पूर्ण असतील तर रायोडिनिडी. डोके रुंद, दोन मिशांच्या बुडांमध्ये मोठे अंतर, मिशीचे टोक आकड्यासारखे, अंग जाडजूड आणि पुढच्या पंखाच्या सगळ्या शिरा न फाटता थेट मधल्या कोशिकेपासून, म्हणजे शिरांनी वेढलेल्या पंखाच्या मधल्या घरापासून, निघालेल्या असतील तर हेस्पेरिडी, म्हणजे स्किपर.

नंतर पंखाचे वाचन. नक्षी कुठे आहे हे सांगायला पंखाचे बुडापासून कडेपर्यंत पट्टे कल्पा: बूड, मध्य, मध्याबाहेरचा भाग, कडेआतला भाग, कड. ठिपका कोणत्या दोन शिरांमध्ये आहे हेही टिपा. शिरा मोजण्याच्या दोन पद्धती चालतात: मागच्या कडेपासून १, २, ३ असे आकडे देणारी, आणि कॉमस्टॉक-नीडहॅम यांची अक्षरांची. हातातले पुस्तक कोणती वापरते हे आधी बघा, नाहीतर एका घराची चूक होते. शिरा खालच्या बाजूने जास्त स्पष्ट दिसतात. ज्यादाच्या, फाटक्या नमुन्यावर अल्कोहोलचा थेंब सोडला तर पंख क्षणभर पारदर्शक होतो आणि सगळ्या उठून दिसतात.

खालच्या बाजूकडे दुर्लक्ष हा सर्रास होणारा घोटाळा. बसलेले फुलपाखरू बहुधा तीच बाजू दाखवते आणि छोट्या निळ्यांमध्ये जातीचा फरक जवळजवळ तिथेच असतो: ठिपके किती, कोणता रेषेबाहेर सरकलेला. आकार मोजताना पंखविस्तार नको, तो पसरण्यावर अवलंबून असतो. पुढच्या पंखाची लांबी बुडापासून टोकापर्यंत मोजा.

आता फसवणुकी. प्लेन टायगर, म्हणजे डॅनॉस क्रिसिपस, केशरी आणि टोकाला काळा-पांढरा. हायपोलिम्नस मिसिपसची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा आणि पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. दोघींना वेगळे करायला मागचा पंख पाहा: प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन काळे ठिपके असतात, नरात वासाच्या खवल्यांचा आणखी एक; मिसिपसच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. पॅपिलिओ पॉलिटीसच्या मादीची तीन रूपे आहेत, त्यांतली दोन दुसऱ्याच विषारी फुलपाखरांची नक्कल करतात.

ऋतूचेही रूप असते. जुनोनिया अल्मानाच्या पावसाळी पिढीला खालून ठळक डोळे असतात, कोरड्या हंगामातली खालून वाळके पान. अरॅश्निया लेवानाची वसंतातली पिढी केशरी आणि उन्हाळ्यातली काळी-पांढरी. जीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्यांना दोन निरनिराळ्या जाती म्हणून नावे दिली होती. लेबलवरची तारीख इथे ओळखीचा पुरावा ठरते.

ओळखपत्रिकेतून, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून निवड करत नावापर्यंत नेणाऱ्या सूचीतून, नाव शोधताना प्रत्येक जोडीतले दोन्ही पर्याय पूर्ण वाचा, पहिला पटला म्हणून पुढे धावू नका. शंका आली तिथे खूण करून ठेवा आणि शेवटी उत्तर विचित्र आले तर त्याच फाट्यावर परत या. मिळालेले नाव वर्णनाशी, प्रसाराशी आणि हंगामाशी ताडून पाहा. नावापुढचा कंसही वाचा: डॅनॉस क्रिसिपस (लिनियस, १७५८) यातला कंस सांगतो की लिनियसने ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, त्याने ती पॅपिलिओ म्हटली होती. जुन्या पुस्तकात शोधताना हे कामी येते.

काही जाती बाहेरून ओळखू येतच नाहीत. लेप्टिडिया सिनापिस, रिआली आणि जुव्हर्निका ही पांढरी त्रयी जननेंद्रिये आणि डीएनए पाहूनच वेगळी होते. कोस्टा रिकातले अ‍ॅस्ट्राप्टीस फुल्गरेटर एकच समजले जाई. २००४ साली डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरला जाणारा डीएनएचा छोटा ठरावीक तुकडा), अळ्यांची रूपे आणि खाद्य वनस्पती यांच्या आधारे त्यात दहा जाती असल्याचे मांडले गेले. जननेंद्रिये तपासायला पोटाचे टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवतात, मऊ भाग विरघळला की पाण्यात ब्रशने साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच टाचणीवर लावतात. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. डीएनएसाठी ताज्या नमुन्याचा मधला एक पाय ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा आणि बाटलीवर तोच क्रमांक लिहा.

पेटी आणि शत्रू

पेटीचे झाकण खाचेत घट्ट बसणारे असावे आणि तळाला पॉलिइथिलीनचा फोम. थर्माकोल नको: डांबरगोळ्यांच्या वाफेने तो वितळून टाचण्यांना चिकटतो. तशाही डांबरगोळ्या किडीला दूर ठेवतात, मारत नाहीत, आणि रोज हुंगायला चांगल्या नाहीत.

खरा शत्रू अँथ्रिनस या भुंगेऱ्याची केसाळ अळी. नमुन्याखाली तपकिरी भुकटी दिसली की ती आत शिरली आहे. अशी पेटी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर दव थेट पंखांवर जमते. बाहेरून आलेला प्रत्येक नवा नमुना पेटीत जाण्याआधी याच वाटेने जावा. महिन्यातून एकदा पेटी उघडून तळ पाहा.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. ६५ च्या वर गेली की बुरशी आणि पुस्तकी उवा (जुन्या पुस्तकांत दिसणारे बारीक कीटक) येतात. बुरशीचे धागे आले तर नमुना आधी पूर्ण वाळवा आणि मगच अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने टिपून काढा. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती पसरते. उन्हात रंगद्रव्याचे रंग उडतात. मॉर्फो फुलपाखरासारखा चमकदार निळा मात्र खवल्यांच्या रचनेतून येतो, त्यामुळे तो टिकतो. अ‍ॅसिटोन लागले की तो हिरवा दिसतो, वाळला की परत निळा.

पोटातली चरबी झिरपून पंख तेलकट, काळपट झाले तर घाबरू नका. लेबले काढून क्रमाने बाजूला ठेवा, नमुना टाचणीसह काचेच्या भांड्यात अ‍ॅसिटोनमध्ये पूर्ण बुडवा, झाकण लावून एक दिवस ठेवा. द्रव पिवळा झाला तर बदला आणि पुन्हा बुडवा. बाहेर काढल्यावर पंख एकमेकांना चिकटलेले दिसतात. मऊ ब्रशने अलगद हवा घालत वाळवा, मिशा आणि झालरीचे केस सुटे करा, आणि लेबले त्याच क्रमाने परत लावा.